पडलेल्या दाताची जागा

आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत. तरुणपणी दात बळकट असतात, पण हातात पैसा नसतो. पुढे चार पैसे येतात, घरात धान्य येते. तोवर तोंडाचे बोळके झालेले असते. म्हण ऐकून आपण हसतो. पण ज्याचे दात गेले आहेत, त्याला हसू येत नाही.

आपल्याच गावात पाहा. कोणी म्हातारी खलबत्त्यात पान कुटून खाते. कोणी आजोबा भाकरीच्या कडा काढून ठेवतात आणि मधला भाग आमटीत कुस्करून खातात. कोणाला जेवायला चहा आणि खारी पुरते. आपण म्हणतो, "वय झालं, चालायचंच!"

पण हे खरेच चालायचे का? दात वयामुळेच जातात का? एक दात गेला तर नुसती फट पडते, की आणखी काही बिघडते? गेलेल्या दाताच्या जागी दुसरा बसवता येतो का? या धड्यात आपण हे पाहू.

तोंडातले जाते

मोठ्या माणसाच्या तोंडात ३२ दात असतात. वर १६ आणि खाली १६. सगळे दात सारखे नसतात. प्रत्येकाचे काम वेगळे आहे.

समोरचे ८ दात पटाशीचे. सुताराची पटाशी जशी लाकूड तासते, तसे हे दात घास तोडतात. त्यांच्या बाजूला टोकदार सुळे असतात. ते ४ आहेत. ऊस सोलताना सुळेच कामी येतात. सुळ्यांच्या मागे ८ उपदाढा आणि त्यांच्या मागे १२ दाढा. यांचे काम दळण्याचे.

सर्वांत मागच्या ४ दाढांना अक्कलदाढा म्हणतात. त्या १७ ते २५ वर्षांच्या सुमारास येतात. काहींना त्या येतच नाहीत. म्हणून कोणाच्या तोंडात २८ दात असले, तरी त्यात काही उणे नाही.

जात्याला दोन दगड लागतात. एका दगडाने पीठ होत नाही. दाढांचेही तसेच आहे. खालची दाढ गेली की तिच्यावरची दाढ चांगली असूनही रिकामी बसते. म्हणजे दाढ गेली एक, पण काम थांबले दोघींचे.

दात का जातात?

दात मुख्यतः दोन रोगांनी जातात.

पहिला रोग कीड. दाताला कीड लागली असे आपण म्हणतो. पण दातात अळी किंवा किडा नसतो. तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. गोड आणि पिठूळ अन्नाचे कण दातांना चिकटून राहतात. जंतू त्यातली साखर खातात आणि त्यापासून आम्ल तयार होते. त्या आम्लाने दात झिजतो आणि त्याला खड्डा पडतो. दाताचा वरचा पांढरा थर हाडापेक्षाही कठीण असतो. पण एकदा गेला की तो पुन्हा उगवत नाही. कोणी धूर देऊन दातातली अळी काढून दाखवतो. ती हातचलाखी असते.

दुसरा रोग हिरड्यांचा. दातांच्या मुळाशी मळ साचतो. पुढे तो दगडासारखा घट्ट होतो. त्याला कीटण म्हणतात. कीटणामुळे हिरडी सुजते. दात घासताना रक्त येते. मग हिरडी दाताला सोडू लागते आणि आतले हाड झिजते. न किडलेला, धडधाकट दातसुद्धा मग हलू लागतो. हा रोग फारसा दुखत नाही. म्हणून त्याच्याकडे लक्ष जात नाही. मधुमेह असला, म्हणजे अंगात साखर वाढलेली असली, तर हा रोग जोर धरतो. तंबाखूनेही तो वाढतो.

आपल्याकडे पुष्कळ बायामाणसे मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. मिश्रीने दात बळकट होतात असे त्यांना वाटते. ते खरे नाही. मिश्रीने हिरड्यांना अपाय होतो, आणि तोंडाचा कर्करोग होण्याचा धोका असतो.

तर मग वयाचा दोष किती? जपान देशात १९८९ साली एक मोहीम सुरू झाली. तिचे सांगणे सोपे होते: वय ८० होवो, पण तोंडात २० दात राहोत. २० दात असले की माणूस बहुतेक सगळे पदार्थ चावून खाऊ शकतो. त्या वेळी तिथे ८० वर्षांच्या फार थोड्या माणसांकडे २० दात होते. लोकांनी दातांची निगा राखायला सुरुवात केली. २०१६ साली पाहणी झाली. तेव्हा ८० वर्षांच्या निम्म्याहून अधिक माणसांच्या तोंडात २० किंवा जास्त दात होते. वय तेच, पण दात टिकले. म्हणजे दोष वयाचा नाही. दोष रोगाचा आहे, आणि रोग टाळता येतो.

एक दात गेला की काय होते?

दात दुखतो. आपण तो काढून टाकतो. दुखणे थांबते. आपल्याला वाटते, सुटलो! पण गोष्ट तिथे संपत नाही. तोंडात हळूहळू पुढील बदल होतात.

शेजारचे दात कलतात. कुंपणाचा एक खांब गेला की शेजारचे खांब मोकळ्या जागेकडे झुकतात. दातांचेही तसेच होते. ते वाकडे झाले की त्यांच्यामध्ये फटी पडतात. फटीत अन्न अडकते. मग त्या दातांनाही कीड लागते.

समोरचा दात लांब होतो. खालची दाढ गेली की वरच्या दाढेला अडवणारे कोणी राहत नाही. ती सावकाश खाली उतरते. तिचे मूळ उघडे पडते. पुढे तीही हलू लागते.

जबड्याचे हाड झिजते. बांधावरचे झाड उपटले की त्याच्या मुळांनी धरलेली माती पावसाने वाहून जाते. दाताचे मूळ जबड्याच्या हाडाला असेच राखते. मूळ गेले की हाड उतरू लागते. पहिल्या वर्षी ते जास्त उतरते. पुढे थोडे थोडे उतरत राहते. सगळेच दात गेले तर गाल आत जातात. ओठ दुमडतात. हनुवटी नाकाकडे येते. तोंडाचे कोपरे चिरतात.

बोलणे बदलते. तुम्ही आता अक्षरे शिकला आहात. जरा त, थ, द, ध ही अक्षरे मोठ्याने म्हणा. जीभ कुठे लागते? वरच्या दातांच्या मागे. म्हणून या अक्षरांना दंत्य अक्षरे म्हणतात. दंत म्हणजे दात. आता फ आणि व म्हणून पाहा. खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो. समोरचे दात नसले की ही अक्षरे नीट उमटत नाहीत. स म्हणताना वारा निसटतो. ऐकणारा पुन्हा पुन्हा "काय म्हणालात?" असे विचारतो. मग माणूस चारचौघांत बोलणेच कमी करतो. हसताना तोंडावर पदर किंवा हात धरतो.

जेवण बदलते. ही सर्वांत मोठी हानी आहे. दाढा गेल्या की माणूस हरभरे, शेंगदाणे, काकडी, गाजर, पालेभाजी, मटण हळूहळू सोडून देतो. मग उरते काय? पातळ भात, चहा, खारी, साखर. त्याने पोट भरते, पण अंगाला बळ मिळत नाही. आणि गोड चिकट खाण्याने उरलेले दातही किडतात. म्हाताऱ्या माणसाचे अंग आटते. आपण म्हणतो वयाने आटले. खरे पाहता पुष्कळदा ते न चावल्याने आटलेले असते.

जागा भरण्याचे उपाय

प्रत्येक रिकामी जागा भरलीच पाहिजे असे नाही. अक्कलदाढ काढली तर तिच्या जागी काही बसवावे लागत नाही. मागची एखादीच दाढ गेली आणि बाकीच्या दाढांनी चांगले चावता येत असेल, तर डॉक्टर कधी कधी तसेच राहू द्या म्हणतात. पण हे आपण घरी ठरवू नये. दातांच्या डॉक्टरांना दाखवून ठरवावे.

जागा भरायची असली तर तीन मुख्य उपाय आहेत.

पहिला उपाय: कवळी. कवळी काढता येते आणि पुन्हा घालता येते. काही दात गेले असतील तर तेवढ्या दातांची लहान कवळी करतात. तिला तारेचे आकडे असतात. ते उरलेल्या दातांना धरतात. सगळे दात गेले असतील तर पूर्ण कवळी करतात. फार पूर्वी हस्तिदंताच्या कवळ्या करीत. नंतर कडक रबराच्या करू लागले. आता बहुतेक कवळ्या अ‍ॅक्रिलिक नावाच्या प्लास्टिकच्या असतात.

वरची पूर्ण कवळी टाळूला चिकटून राहते. ओल्या फरशीवर ओली काच ठेवली तर ती सहज उचलत नाही. तसेच कवळी आणि टाळू यांच्यामध्ये थुंकीचा पातळ थर असतो. त्याने ती धरून राहते. खालची कवळी मात्र लवकर हलते. तिथे जीभ असते आणि टेकायला जागा थोडी असते.

कवळी सर्वांत स्वस्त पडते. तिच्यासाठी चांगल्या दातांना फारसा धक्का लावावा लागत नाही. पण तिची ताकद खऱ्या दातांइतकी नसते. पूर्ण कवळीची ताकद खऱ्या दातांच्या चौथाईच्या आसपास असते. त्यामुळे भाकरी खाता येईल, ऊस सोलता येणार नाही.

दुसरा उपाय: पूल. याला डॉक्टर ब्रिज म्हणतात. ओढ्यावर पूल बांधताना दोन्ही काठांवर आधार घेतात. इथेही तसेच. मधला दात गेला असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचे दात तासून लहान करतात. त्यांच्यावर टोप्या बसवतात. दोन टोप्यांच्या मध्ये नकली दात जोडलेला असतो. हा पूल पक्का चिकटवतात. तो रोज काढावा लागत नाही. निगा राखली तर दहा वर्षे आणि त्यापुढेही टिकतो. पण त्यासाठी दोन चांगले दात तासावे लागतात. तासलेला दात पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. आणि पुलाखाली अन्न अडकू दिले तर आधाराचे दातच किडतात. काठ खचला की पूल पडतो.

तिसरा उपाय: हाडात बसवलेला दात. याला इम्प्लांट म्हणतात. टायटॅनियम नावाच्या धातूचा बारीक स्क्रू जबड्याच्या हाडात बसवतात. हाड त्या स्क्रूला घट्ट धरते. याला साधारण तीन ते सहा महिने लागतात. मग त्या स्क्रूवर दात बसवतात. स्वीडन देशातील डॉक्टर ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्यांदा एका माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. त्या माणसाला ते पुढे चाळीस वर्षे उपयोगी पडले. या उपायात शेजारचे दात तासावे लागत नाहीत. चावण्याची ताकदही चांगली येते. पण खर्च मोठा आहे. एका दातामागे हजारो रुपये लागतात. हाड पुरेसे असावे लागते. साखर आटोक्यात असावी लागते. तंबाखू खाणाऱ्याच्या आणि विडी ओढणाऱ्याच्या तोंडात हा स्क्रू निकामी होण्याचा धोका जास्त असतो.

आणखी एक गोष्ट. पोर झाडावरून पडले, बैलाने धडक दिली, किंवा मोटारसायकल घसरली, आणि समोरचा पक्का दात मुळासकट निखळला, तर तो फेकू नका. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला. मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर पाण्याने नुसता विसळा. घासू नका. माणूस शुद्धीवर असेल आणि जमत असेल तर दात लगेच त्याच जागी बसवून धरा. नाही जमले तर दुधात ठेवा. अर्ध्या तासात, फार तर तासाभरात, दातांच्या डॉक्टरांकडे जा. असा दात पुन्हा धरू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवू नये.

मावशी आणि डॉक्टरीणबाई

कोणता उपाय कोणाला, हे कसे ठरते? तालुक्याच्या दवाखान्यातले हे बोलणे वाचा.

मावशी: बाई, माझ्या सहा दाढा गेल्यात. आता उरलेले समदे दात काढा आन् एकदाच काय ती कवळी बसवा. कटकट मिटू दे.

डॉक्टरीणबाई: मावशी, आधी तोंड तर उघडा. पाहू द्या मला. हं. समोरचे दात घट्ट आहेत. सुळेही चांगले आहेत. खालच्या दोन दाढा हलताहेत. त्या काढाव्या लागतील. बाकीचे दात कशाला काढायचे?

मावशी: आज ना उद्या जायचेच की ते!

डॉक्टरीणबाई: विहिरीचं पाणी कमी झालं म्हणून कोणी विहीर बुजवतं का?

मावशी: न्हाई. गाळ काढत्यात.

डॉक्टरीणबाई: मग आपणही गाळ काढू. तुमच्या दातांवर कीटण साचलंय. ते काढलं की हिरड्या सुधारतील आणि हे दात पुष्कळ वर्षं टिकतील.

मावशी: पर माझ्या जावेनं समदे काढलं. तिची वरची कवळी बसती, खालची उडती. आता ती डब्यात पडलीया.

डॉक्टरीणबाई: तेच सांगते मी. खाली चार दात जरी राहिले, तरी कवळीला खुंटीसारखा आधार होतो. आपला दात हीच सर्वांत चांगली खुंटी.

मावशी: मग त्यो पूल बसवा. शेजारच्या पोरानं बसवलाय.

डॉक्टरीणबाई: त्याचा मधला दात गेला होता. दोन्ही बाजूंना आधार होता. तुमच्या मागच्या दाढा गेल्यात. पलीकडचा काठच नाही, तर पूल टेकवायचा कशावर?

मावशी: आन् त्यो स्क्रूचा दात?

डॉक्टरीणबाई: साखर आहे का तुम्हाला?

मावशी: हाय की. गोळी चालू हाय. पर परवा तपासली तर लई निघाली.

डॉक्टरीणबाई: मग आधी साखर खाली आणायची. दाढ काढायलासुद्धा ते बरं. आणि स्क्रूसाठी कर्ज काढू नका. लहान कवळीनंही तुम्हाला भाकरी खाता येईल. एक विचारते, मिश्री लावता?

मावशी: दिसातनं चारदा. त्याबिगर चैन पडत न्हाई. हिरड्या ठणकल्या की लावती. बरं वाटतं.

डॉक्टरीणबाई: तंबाखूची सवय लागली की तसं वाटतं. दुखणं बरं होत नाही. ते आत वाढतच राहतं. आज चारदाची तीनदा करा. मग दोनदा. सुनेला सांगा लक्ष ठेवायला. मिश्री सुटली नाही, तर उरलेले दातही मी वाचवू शकणार नाही.

मावशी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "सुनेला नगं. तिलाबी लावायची सवय माझ्यापास्नंच लागलीया. दोघीबी सोडतो."

मावशींची साखर खाली आली. मग दोन दाढा काढल्या. कीटण काढले. जखमा भरून आल्यावर लहान कवळी झाली. आता मावशी भाकरी कुस्करत नाहीत. शेंगदाणे मात्र अजून कुटूनच खातात. मिश्री दिवसाला एकदावर आली आहे. ती सुटायची आहे.

कोणाकडे जावे?

बाजारात, जत्रेत, रस्त्याच्या कडेला काही लोक दात बसवून देतात. ते झटपट घट्ट होणारे प्लास्टिक लावतात किंवा तार गुंडाळतात. नकली दात शेजारच्या दातांना कायमचा चिकटवतात. घरी जाताना माणूस खुशीत असतो. पण तो दात काढता येत नाही. त्याच्याखाली घास अडकतो आणि कुजतो. हिरडी सुजते. तोंडाला घाण येते. पुढे धरून ठेवणारे चांगले दातही जातात. शंभर-दोनशे रुपये वाचवायला गेलो आणि आणखी दात गमावून बसलो, असे होते. शिवाय त्यांची हत्यारे उकळलेली नसतात. त्यातून रक्तावाटे कावीळ आणि इतर रोग पसरू शकतात.

दातांच्या डॉक्टरला शिक्षण घ्यावे लागते आणि सरकारी नोंदणी करावी लागते. आपल्या देशात १९४८ साली असा कायदा झाला. डॉक्टरांच्या पाटीवर बी. डी. एस. किंवा एम. डी. एस. ही अक्षरे असतात. आता तुम्हाला वाचता येते. पाटी वाचा. शंका आली तर विचारा.

जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात दातांचे डॉक्टर असतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत. दंत महाविद्यालयात शिकणारे डॉक्टर काम करतात आणि त्यांचे गुरुजी देखरेख ठेवतात. तिथे खर्च कमी येतो. वेळ मात्र जास्त लागतो. कवळीसाठी चार-पाच खेपा कराव्या लागतात. आधी तोंडाचे माप घेतात. मग चावण्याचे माप घेतात. मग मेणात दात लावून पाहतात. त्यानंतर पक्की कवळी होते. मेणातले दात लावतील तेव्हा आरशात नीट पाहून घ्या. काही खटकत असेल तर तेव्हाच सांगा. नंतर बदल करणे अवघड जाते.

डॉक्टरांना आपले सगळे आजार सांगावेत. मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा आजार, रक्त पातळ करणारी गोळी, यांतले काही लपवू नये. गोळी आपल्या मनाने बंदही करू नये.

काही जण म्हणतात, वरचा दात काढला की डोळे जातात. हे खरे नाही. दाताचा आणि नजरेचा तसा संबंध नाही. या भीतीने सडलेला दात तोंडात ठेवू नये.

नवी कवळी आणि तिची निगा

नवी वहाण पहिले काही दिवस चावते. कवळीचेही तसेच आहे. थुंकी जास्त सुटते. जीभ अडखळते. घाबरू नये. पहिले काही दिवस मऊ अन्न खावे. घास लहान घ्यावा. दोन्ही बाजूंनी चावावे. एकाच बाजूने चावले की कवळी उचलते. बोलण्याची सवय होण्यासाठी रोज मोठ्याने वाचावे. हाच धडा वाचला तरी चालेल.

कवळी टोचत असेल तर डॉक्टरांकडे जावे. घरी कानशीने किंवा चाकूने घासू नये. एकाची कवळी दुसऱ्याने वापरू नये. वडिलांच्या माघारी त्यांची पगडी मुलाला होते, कवळी होत नाही.

जेवल्यावर कवळी काढून धुवावी. रोज मऊ ब्रशने आणि साध्या साबणाने घासावी. राख, वीटकर, मिश्री लावू नये. त्यांनी चरे पडतात आणि चऱ्यांत घाण बसते. धुताना खाली पाण्याने भरलेले भांडे ठेवावे. कवळी हातातून निसटली तर पाण्यात पडेल, फुटणार नाही.

रात्री कवळी काढून झोपावे. हिरड्यांना विसावा मिळतो. काढलेली कवळी साध्या पाण्यात ठेवावी. उकळत्या पाण्यात टाकू नये. ती वाकडी होते.

जबड्याचे हाड झिजत राहते. म्हणून काही वर्षांनी कवळी सैल होते. साधारण पाच-सात वर्षांनी ती आतून भरून घ्यावी लागते किंवा नवी करावी लागते. दात नसले तरी वर्षातून एकदा तोंड दाखवून यावे. तोंडात फोड, जखम किंवा पांढरा चट्टा असेल आणि तो दोन आठवड्यांत गेला नाही, तर मुळीच थांबू नये. तो कर्करोगाची सुरुवात असू शकतो. लवकर कळले तर इलाज होतो.

लक्षात ठेवा

१. दात वयाने जात नाहीत. कीड आणि हिरड्यांचा रोग यांनी जातात.
२. दुखरा दात काढण्याआधी तो वाचेल का, हे डॉक्टरांना विचारा.
३. एक दात गेला की शेजारचे आणि समोरचे दातही बिघडतात. जागा लवकर दाखवा.
४. कवळी, पूल आणि इम्प्लांट हे तीन उपाय आहेत. आपले तोंड, आपली प्रकृती आणि आपली ऐपत पाहून उपाय निवडा.
५. रस्त्यावर दात बसवून घेऊ नका.
६. रोज दोनदा दात घासा. रात्री झोपताना घासायला विसरू नका. तंबाखू आणि मिश्री सोडा.

प्रश्न

१. मोठ्या माणसाला किती दात असतात? दळण्याचे काम कोणते दात करतात?
२. खालची दाढ गेली तर वरच्या दाढेचे काय होते?
३. दंत्य अक्षरे कोणती? त्यांना दंत्य का म्हणतात?
४. डॉक्टरीणबाईंनी मावशींना पूल का बसवला नाही?
५. कवळी उकळत्या पाण्यात का टाकू नये?

करून पाहा

उजेडात आरसा घ्या. आपले दात मोजून वहीत आकडा लिहा. किती गेले, किती किडले, किती हलतात, तेही लिहा. मग घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे दात मोजा. ती कोणते पदार्थ खायची सोडून बसली आहेत, ते विचारा आणि लिहा. दवाखान्यात जाल तेव्हा ही वही बरोबर न्या.